ऐकता न येणाऱ्यांच्या हाती लेकरे

बदलापूरने फाशी मागितली. 20 ऑगस्ट 2024 रोजी शाळेतल्या लैंगिक अत्याचाराविरुद्ध हजारो माणसे बदलापूर स्थानकात रुळांवर उतरली, सुमारे दहा तास गाड्या अडल्या, आणि त्या गर्दीचा एकच घोष होता: आरोपीला फासावर द्या. महिनाभराने, 23 सप्टेंबरला, तळोजा कारागृहातून नेला जात असताना तो आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने मेला. बदलापुरात फटाके फुटले, पेढे वाटले गेले. पुढे दंडाधिकाऱ्यांच्या चौकशी अहवालाने त्या मृत्यूची जबाबदारी पाच पोलिसांवर ठेवली. संतापलेल्या शहराला रक्त मिळाले. आणि ज्या दोन बालवाडीतल्या मुलींसाठी हा सारा आगडोंब उसळला, त्यांना काय मिळाले?

हा प्रश्न आम्ही पहिल्यांदा विचारत नाही. घटनेची स्वतःहून दखल घेणाऱ्या मुंबई उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने, न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांनी, त्याच ऑगस्टमध्ये सरकारला विचारले होते की मुलींचे समुपदेशन झाले का. दुसऱ्या मुलीचा जबाब वेळेवर का नोंदवला नाही, असेही विचारले होते. पण चौकाचौकांतल्या फलकांवर न्यायालयाचा तो प्रश्न कोणी लिहिला नाही. फलकांवर फाशीचा दोर होता.

त्या आठवड्याचा क्रम पुन्हा एकदा डोळ्यांसमोर आणा. 12 आणि 13 ऑगस्टला अत्याचार झाला. 16 ऑगस्टला पालक पोलीस ठाण्यात गेले. तक्रार नोंदवून घ्यायला सुमारे बारा तास लागले. बारा तास! ज्या लेकराला वर्गाच्या दाराची भीती बसली आहे, ज्या आईला आपल्या मुलीचे बोलणे ऐकून श्वास घेता येत नाही, त्यांना अर्धा दिवस बाकावर. पुढे काही पोलीस निलंबित झाले, विशेष तपास पथक नेमले गेले, शाळेवर प्रशासक आला, गुन्ह्याची माहिती दडवल्याबद्दल संस्थेतील लोकांवर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याखाली गुन्हे दाखल झाले. हे सगळे व्हायलाच हवे होते. पण ती बारा तासांची दिरंगाई केवळ दोन-चार अधिकाऱ्यांच्या दुष्टपणातून आली, असे मानणे म्हणजे स्वतःची समजूत काढणे आहे. ती आली एका खोल, सार्वत्रिक, सरकारमान्य अडाणीपणातून. जखमी झालेल्या मनाशी कसे बोलावे, काय विचारावे, काय विचारू नये आणि कधी गप्प बसावे, हे आपल्या व्यवस्थेत कोणाला शिकवलेच जात नाही.

कायदा मात्र शिकलेला आहे. 2012 च्या पोक्सो कायद्याचे कलम 24 वाचा. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या जागी घ्यावा, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने घ्यावा, अंगावर गणवेश नसावा, आणि कोणत्याही कारणाने मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. कलम 26 सांगते की आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेली व्यक्ती जबाबाच्या वेळी सोबत हवी. कलम 27 सांगते की मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करावी, आणि गुन्हा नोंदला नसला तरी तपासणी थांबू नये. कलम 33 न्यायालयाला बजावते की मुलाला साक्षीसाठी पुन्हा पुन्हा बोलावू नका. कलम 36 म्हणते की साक्षीच्या वेळी ते मूल आरोपीच्या नजरेला पडता कामा नये. या प्रत्येक कलमामागे एकच जाण आहे: अत्याचार एकदा होतो, पण विचारणाऱ्याला विचारता आले नाही तर तो पोलीस ठाण्यात, दवाखान्यात, न्यायालयात पुन्हा पुन्हा घडतो.

मग ही कलमे अमलात आणायची कोणी? 2020 च्या पोक्सो नियमांत त्यासाठी एक माणूस सांगितला आहे. त्याचे नाव 'सहाय्यक व्यक्ती'. बालकल्याण समितीने ही व्यक्ती मुलाला द्यायची, आणि तिने पहिल्या जबाबापासून खटल्याच्या निकालापर्यंत त्या मुलाचा आणि कुटुंबाचा हात धरायचा. ऑगस्ट 2023 मध्ये, म्हणजे बदलापूरच्या घटनेच्या बरोबर एक वर्ष आधी, सर्वोच्च न्यायालयाने बचपन बचाओ आंदोलनाच्या याचिकेवर निकाल देताना या व्यक्तीची नेमणूक सरकारांच्या मर्जीवर सोडता येणार नाही, असे ठणकावले. तिचे शिक्षण, प्रशिक्षण आणि मोबदला यांकडे नीट लक्ष द्या, असे सांगितले. कारण नियमांत तिच्या मोबदल्याची खालची मर्यादा ठेवली आहे किमान वेतन कायद्यातल्या कुशल कामगाराच्या मजुरीइतकी! पाच वर्षांच्या मुलीला पुन्हा माणसांवर विश्वास ठेवायला शिकवण्याचे काम या राज्यव्यवस्थेने दिवसाच्या मजुरीवर मोजले आहे. आणि त्या कामासाठी लागणाऱ्या शिक्षणाचे काय?

आमचे म्हणणे एका वाक्यात सांगतो. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांसाठी, येथेच, समुपदेशक आणि समाजकार्यकर्त्यांना आघातग्रस्तांसोबत काम करायला शिकवणारा पदवीनंतरचा किमान एक वर्षाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम सरकारने आपल्या खर्चाने सुरू केला पाहिजे, आणि तो पूर्ण केल्याशिवाय पोलीस ठाणे, रुग्णालय, बालगृह वा शाळेत 'समुपदेशक' म्हणून कोणालाही बसवता कामा नये.

हे ऐकून काही जण म्हणतील की कार्यशाळा तर होतात. होतात. दोन दिवसांच्या होतात. फीत कापली जाते, पाहुण्यांना शाल-श्रीफळ मिळते, पडद्यावर चित्रे सरकतात, जेवणानंतर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या होतात आणि शेवटी प्रमाणपत्राचे छायाचित्र निघते. या कार्यशाळांनी नुसता वेळ वाया जात असता तर आम्ही इतके संतापलो नसतो. त्यांनी अपाय होतो. आघातानंतर लगेच माणसाला बसवून 'सगळे बोलून टाक, मन मोकळे कर' असा आग्रह धरणे उपयोगाचे नाही, उलट त्याने काहींची जखम अधिक चिघळते, हे जगभरच्या अभ्यासांनी दाखवले आहे, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही अशा सक्तीच्या बोलवण्याविरुद्ध सांगितले आहे. संघटनेने 2011 मध्ये मानसिक प्रथमोपचाराची जी पुस्तिका काढली, तिचे सूत्र साधे आहे: पाहा, ऐका, जोडून द्या. म्हणजे आधी माणूस सुरक्षित आहे का ते बघा, तो जेवढे सांगेल तेवढेच ऐका, आणि त्याला पुढच्या मदतीशी जोडून द्या. पण आपल्याकडे दोन दिवस शिकलेला उत्साही कार्यकर्ता पहिल्याच भेटीत विचारतो, 'नक्की काय झालं, पहिल्यापासून सांग.' त्याचा हेतू चांगला असतो. म्हणूनच तो जास्त धोक्याचा असतो, कारण त्याला कोणी थांबवत नाही.

आघात झालेले मन कसे वागते, हे ज्याने शिकलेले नाही त्याला ते खोटे वाटते. भयाच्या क्षणी शरीर लढते, पळते किंवा गोठून जाते. गोठणे हा निर्णय नसतो. आठवण तेव्हा सलग गोष्टीसारखी साठत नाही, तुकड्यातुकड्यांत साठते: एक वास, पंख्याचा आवाज, भिंतीचा रंग. मूल आज एक सांगते, उद्या दुसरे, परवा हसत खेळत असते आणि चौथ्या दिवशी अंथरूण ओले करते. न शिकलेला माणूस म्हणतो, 'जबाबात विसंगती आहे.' न शिकलेली शिक्षिका म्हणते, 'खेळत तर होती, तिला काय झालं असणार?' न शिकलेला डॉक्टर अंगावर खुणा शोधतो आणि सापडल्या नाहीत की मान हलवतो.

या अज्ञानाची किंमत महाराष्ट्राने फार पूर्वी मोजली आहे. मार्च 1972 मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनीच अत्याचार केला. नागपूर खंडपीठाने आरोपींना दोषी ठरवले, पण सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत, ती ओरडली नाही, म्हणजे तिची संमती असावी, असा तो तर्क होता. भयाने गोठलेल्या मुलीच्या मौनाला देशाच्या सर्वोच्च न्यायपीठाने होकार ठरवले! 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लोतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चौघांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या, आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कायदा बदलला, पण जबाब लिहून घेणाऱ्या हाताला कोणी काही शिकवले का? चाळीस वर्षांनी बदलापूरचा बाक त्याचे उत्तर देतो.

आणि ज्यांना वाटते की हे सगळे परदेशी खूळ आहे, त्यांनी पुण्याचे 1863 हे साल आठवावे. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी त्या वर्षी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. फसवल्या गेलेल्या, गरोदर राहिलेल्या, जीव द्यायला निघालेल्या विधवांना तेथे गुपचूप येऊन बाळंत होता येत होते. तिला नाव विचारून चारचौघांत उभे केले जात नव्हते, तिच्याकडून पापाची कबुली मागितली जात नव्हती. मूल न्यायचे की ठेवायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिचा होता. त्याच गृहात जन्मलेल्या यशवंतला फुले दांपत्याने आपला मुलगा केले. आधी आसरा, मग विश्वास, निवड तिची, आणि तिच्या मानाला धक्का नाही. आज अमेरिकेतली विद्यापीठे जी तत्त्वे जाडजूड पुस्तकांतून शिकवतात, ती पुण्याच्या गंज पेठेतल्या माणसांनी समाजाचे शिव्याशाप झेलत आचरणात आणली होती. अमेरिकेत व्हिएतनाममधून परतलेल्या सैनिकांच्या हालअपेष्टांनंतर 1980 मध्ये आघातोत्तर ताणविकाराला वैद्यकात नाव मिळाले. 1992 मध्ये ज्युडिथ हर्मन यांनी दाखवून दिले की युद्धावरून आलेला सैनिक आणि घरात मार खाणारी बाई यांच्या मनाची जखम एकाच जातीची आहे. हे ज्ञान त्यांचे, आचरणाचा वारसा आपला. या दोहोंना एकत्र आणायला आपल्याला कोण अडवते?

या तीन शहरांइतकी या ज्ञानाची गरज दुसऱ्या कोणाला असेल असे आम्हांला वाटत नाही. उल्हासनगर हे शहरच आघातातून जन्मले. दुसऱ्या महायुद्धातल्या कल्याण लष्करी छावणीच्या बराकींत फाळणीनंतर सिंधमधून उखडलेली सुमारे लाखभर माणसे आणून ठेवली गेली, आणि 1949 मध्ये त्या छावणीला उल्हासनगर हे नाव मिळाले. आजही पत्ता सांगताना माणूस कॅम्प एक, कॅम्प चार असेच म्हणतो. त्या माणसांनी पापड लाटले, फेरी केली, दुकाने उभी केली, कारखाने काढले, आणि देशाने त्यांच्या कष्टाचे कौतुक केले. ते कौतुक खरेच होते. पण कराचीतले घर, वाटेत हरवलेली बहीण, रेल्वेच्या डब्यातली रात्र याबद्दल त्यांना कोणी विचारले नाही. ती पिढी न बोलता गेली आणि तिचे न बोललेले दुःख घराघरांतल्या रागात, दारूत, गप्प बसण्याच्या सवयीत उतरले. हे सांगायला आकडेवारी लागत नाही. कॅम्पातल्या कोणत्याही म्हाताऱ्या आजीजवळ पाच मिनिटे बसावे.

पुढेही घाव थांबले नाहीत. 26 जुलै 2005 च्या पुरात उल्हास आणि वालधुनी नद्या घरांत शिरल्या. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावे लागले. मे 2021 मध्ये उल्हासनगरात तेरा दिवसांच्या अंतराने दोन इमारतींचे स्लॅब कोसळले. दुसऱ्या, साईशक्ती इमारतीत, सात जणांचा जीव गेला. पंचनामे झाले, नुकसानभरपाई जाहीर झाली, इमारतींचे संरचनात्मक परीक्षण करा असे फर्मान निघाले. वरचा स्लॅब करकरला की अजून दचकून उठणाऱ्या शेजारच्या मुलांचे परीक्षण कोणी केले? अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत स्फोट झाला की जखमींना रुग्णालयात नेले जाते. जो कामगार वाचतो आणि तिसऱ्या दिवशी त्याच यंत्रापाशी उभा राहतो, त्याचे हात का थरथरतात, हे विचारणारा माणूस कामगार वस्तीत कुठे आहे?

2011 च्या जनगणनेत या तीन शहरांची लोकसंख्या मिळून नऊ लाखांवर होती. त्यानंतर बदलापुरात किती टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या, ते लोकलच्या दारात लटकणाऱ्याला विचारा. पहाटे साडेपाचला घर सोडणारे आईबाप, रात्री नऊला परतणारे, मधल्या साडेपंधरा तासांत लेकरू शाळा, रिक्षा, शिकवणी आणि शेजार यांच्या भरवशावर. अशा शहरात मुलाचे म्हणणे ऐकणारा शहाणा माणूस ही चैन नव्हे. नळाच्या पाण्याइतकी ती नगराची गरज आहे.

हे अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये. महाराष्ट्रानेच ते करून दाखवले आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेने 1984 मध्ये मुंबई पोलिसांसोबत महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, शिकलेल्या समाजकार्यकर्त्या पोलिसांच्या इमारतीत बसवल्या, आणि पुढे राज्य शासनाने तो नमुना जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली 'सेहत' संस्था आणि मुंबई महापालिका यांनी 'दिलासा' केंद्र उघडले, आणि रुग्णालयाची परिचारिका मार खाल्लेल्या बाईला कसे ओळखेल, काय विचारेल, हे शिकवले. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच संस्थेने 1990 पासून मनाच्या आरोग्याचे काम मराठीत आणून दाखवले. बंगळुरूच्या निम्हान्सने 'संवाद' उपक्रमातून संकटातल्या मुलांसोबत काम करणाऱ्यांना घडवायला घेतले आहे. ज्ञान आहे, शिकवणारे आहेत, नमुने आहेत. ते फक्त कल्याणच्या पुढे रुळांवरून येत नाही.

अभ्यासक्रम कसा असावा, हेही स्पष्ट सांगतो, म्हणजे पुन्हा कोणी दोन दिवसांची कार्यशाळा आमच्या गळ्यात मारणार नाही. तो मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकलेल्या, आणि आधीच काम करत असलेल्या माणसांसाठी असावा, म्हणून शनिवार-रविवारी आणि संध्याकाळी चालावा. चांदीबाई, तलरेजा, बिर्ला अशी महाविद्यालये याच पट्ट्यात उभी आहेत. त्यांच्या इमारती वापराव्यात, प्रमाणपत्र मुंबई विद्यापीठाने द्यावे. भाषा मराठी आणि हिंदी, आणि सिंधीची सोय हवीच. ज्या भाषेत माणूस रडतो त्या भाषेत समुपदेशकाला प्रश्न विचारता आला पाहिजे. अर्धा वेळ वर्गात, अर्धा प्रत्यक्ष कामात: मध्यवर्ती रुग्णालयात, या शहरांतल्या पोलीस परिमंडळ चारच्या ठाण्यांत, उल्हासनगरच्या बालगृहांत, कल्याणच्या न्यायालयात. पोक्सोची कलमे तोंडपाठ नकोत, हातात बसलेली हवीत. जात आणि गरिबी आघाताला कसे खतपाणी घालतात, पारध्याच्या पोराला पोलीस पाहून जे होते ते सोसायटीतल्या पोराला का होत नाही, हेही शिकवावे लागेल, कारण ते वगळणारा अभ्यासक्रम निम्मा खोटा असेल.

आणि एक गोष्ट, जी सगळे विसरतात. दुसऱ्याचे दुःख रोज ऐकणाऱ्याचेही मन भाजते. आठवड्याला पंधरा-वीस अत्याचाराच्या कहाण्या ऐकणारी, अकरा महिन्यांच्या करारावरची, पगार तीन महिने थकलेली समुपदेशिका एक दिवस बधिर होते. मग ती फाइल भरते आणि माणूस पाहत नाही. आम्ही तिला दोष देणार नाही. दोष तिला एकटे सोडणाऱ्यांचा आहे. म्हणून प्रत्येक प्रशिक्षितामागे एक अनुभवी मार्गदर्शक हवा, दर पंधरवड्याला तिच्या कामावर आणि तिच्या मनावर बोलणारा. पद कायम हवे. पगार पदवीला आणि कामाला साजेसा हवा.

पैसा? निर्भया निधी 2013 मध्ये हजार कोटींनी सुरू झाला. राज्याची मनोधैर्य योजना त्याच वर्षापासून आहे, तिच्यात पीडितेच्या समुपदेशनाची तरतूद आहे. तिन्ही शहरांच्या नगरसंस्थांचे अंदाजपत्रक आहे, जिल्हा नियोजन समिती आहे. बदलापूरनंतर शाळांमधल्या सीसीटीव्हीसाठी, कर्मचाऱ्यांच्या पडताळणीसाठी, सखी सावित्री समित्यांसाठी आदेशांवर आदेश निघाले. ते सारे राहू द्या. पण कॅमेरा नोंद करतो, धीर देत नाही. मूल जेव्हा पहिले वाक्य उच्चारते, तेव्हा समोर यंत्र नव्हे, माणूस लागतो, आणि तो माणूस तयार करायला एक वर्ष लागते.

शिवाय आज कोणीही उठतो आणि दारावर 'कौन्सेलर' अशी पाटी लावतो. 2021 च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने मनोआरोग्याचे काम करणाऱ्यांना नोंदणी आणि दर्जाच्या कक्षेत आणले आहे. त्याची अंमलबजावणी या राज्यात कधी पूर्ण होणार, याची तारीख सरकारने सांगावी. हाडाच्या डॉक्टरकडे आपण पदवी विचारतो. मनाची जखम उघडणाऱ्याला मात्र 'मला लोकांशी बोलायला आवडतं' एवढी पात्रता पुरते, हे यापुढे चालणार नाही.

नागरिकांनो, तुमचा संताप खरा होता आणि आहे. तो आता योग्य दारावर न्या. उल्हासनगर महापालिका, अंबरनाथ नगरपरिषद आणि कुळगाव-बदलापूर नगरपरिषद या तिन्ही सभागृहांत या अभ्यासक्रमासाठी आणि त्यातून घडणाऱ्या माणसांच्या कायम पदांसाठी ठराव मांडायला तुमच्या नगरसेवकाला भाग पाडा. आमदाराला, खासदाराला, पालकमंत्र्यांना लेखी विचारा, आणि उत्तर लेखीच मागा. मुंबई विद्यापीठाच्या कुलगुरूंनी येत्या शैक्षणिक वर्षापासून हा वर्ग सुरू होणार की नाही, ते जाहीर करावे. गृह विभागाने परिमंडळ चारच्या प्रत्येक पोलीस ठाण्यात प्रशिक्षित समाजकार्यकर्ती कोणत्या तारखेपासून बसेल, ते सांगावे. तारीख मिळेपर्यंत गप्प बसू नका.